सिम्युलेशनमध्ये बाँडी अक्रिशनला बूस्ट फॅक्टर १०० का लावतात? एमएससी प्रोजेक्टमध्ये मी किती ठेवू?

१०० चा आकडा दिसला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर आज झोपायचा बेत होता.

बाँडी अक्रिशन म्हणजे ब्लॅकहोल भोवतीचा गॅस किती वेगाने गिळतं याचं सूत्र, आणि बूस्ट फॅक्टर म्हणजे त्या दराला लावलेला गुणक, अल्फा. तो लावायचं कारण साधं आहे. दहा लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं ब्लॅकहोल, भोवतीच्या गॅसमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १०० किमी, तर बाँडी त्रिज्या (जिच्या आतला गॅस ब्लॅकहोल ओढून घेतं) अर्धा पार्सेकसुद्धा भरत नाही (पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं), आणि आपलं रिझोल्यूशन, म्हणजे सिम्युलेशनला दिसणारा लहानात लहान तपशील, शेकडो पार्सेकचं. थंड दाट गॅस त्यात पुसला जातो, आणि दर खऱ्यापेक्षा कमी निघतो. म्हणून २००५ मध्ये स्प्रिंगेल, डी मातेओ, हर्नक्विस्ट यांच्या मॉडेलात अल्फा आला आणि पुढे लोकांनी तो १०० वर ठेवून दिला.

मी प्रोजेक्टमध्ये मुद्दाम दोन रन केले, १ आणि १००. अल्फा १ वालं एक लाख सूर्यांचं बीज (सुरुवातीला ठेवलेलं छोटं ब्लॅकहोल) जागचं हललंच नाही, म्हणजे वाढलंच नाही, कारण बाँडीचा दर वस्तुमानाच्या वर्गावर चालतो, लहानपणी खाणंच होत नाही, मोठं झालं की मग एडिंग्टनच्या दराने (स्वतःच्याच प्रकाशाचा दाब गॅसला रोखतो ती कमाल मर्यादा) साडेचार-पाच कोटी वर्षांत पावणेतीनपट. वाइवा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. एक्स्टर्नल सर म्हणाले, ब्लॅकहोल वाढलं नाही म्हणजे रन चुकला. मी म्हटलं सर, हाच तर रिझल्ट आहे. "सगळे १०० ठेवतात, तुम्ही कोण?" मार्क कापले. दुसऱ्या दिवशी अख्खं इंदूर राजवाड्यावर गेरमध्ये (रंगपंचमीची मिरवणूक), रामबागेत आमच्या घराखाली मित्र ओरडतायत "भिया, खाली ये", आणि मी वर अल्फा १० चा रन लावून बसलेलो, जणू सर बघायला येणार होते. आई म्हणाली, रंग नाही खेळलास, निदान जेव तरी.

तर १०० ला फिजिक्स म्हणू नका. बूथ आणि शाय यांनी २००९ मध्ये अल्फा घनतेवर बदलता केला, ते जरा बरं. इलस्ट्रिस टीएनजी या मोठ्या सिम्युलेशनने बूस्ट काढूनच टाकला, पण बीज आधीच्या इलस्ट्रिसमधल्या १.४ लाख सूर्यांवरून जवळपास १२ लाखांवर नेलं, म्हणजे या खिशातलं त्या खिशात! तुम्ही दोन्ही रन करा आणि न वाढलेल्याचा प्लॉट आधी दाखवा.

हां, हे राहिलंच: मोठ्या गॅलक्सीत शेवटचं वस्तुमान अल्फापेक्षा फीडबॅकच्या (ब्लॅकहोल गॅसला परत देतं ती ऊर्जा) एफिशियन्सीवर जास्त ठरतं, म्हणजे एवढ्यापुरतं १ की १०० याने फार बिघडत नाही. पण सरांनी हे म्हटलं नव्हतं.