घरी फ्लाइट सिम्युलेटरसाठी रडर पेडल बनवायचे आहेत. आर्डुइनोचा कोणता बोर्ड घेऊ, सेन्सर कुठला आणि एकूण खर्च किती येईल?

बोर्डाचं शेवटी सांगतो. हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आधी बोर्ड विचारतो, मग सेन्सर, मग खर्च, आणि पेडल ज्या दांड्यावर फिरतात त्या पिव्हटला काय वापरू हे कुणीच विचारत नाही. तुमच्यावर राग नाही, पण प्रश्न वाचला आणि खपली निघाली, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथ आहे, पंपाचे शाफ्ट, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) असली जॉबवर्कची कामं. ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला तेव्हा वर्कशॉप तसंही निम्मं बंदच होतं, पोराच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि जो नाद लागला तो लागलाच. जॉयस्टिकच्या दांड्याला पीळ देऊन रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पाटी) मारायचा हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. सेसना १७२ ला फुल थ्रॉटल दिलं की नाक डावीकडे ओढतं, उजवा पाय देत देत विमान सरळ ठेवायचं असतं, ते मनगटाने करायला गेलं की दांडा पण कलतो आणि एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखावरची पाटी, हलतो. पायाचं काम पायानंच व्हायला पाहिजे म्हणून पेडल बनवले. ते अजून चालू आहेत, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते मेहुण्याच्या पेडलबद्दल.

मेहुणा पुण्यात, हिंजवडीला, एम्बेडेडमध्ये. हुशार आहे, नाही म्हणत नाही. माझे पेडल बघून त्यानेही करायचं ठरवलं, पण "दाजींसारखे लोखंडी नकोत, जरा मॉडर्न करू." नेटवरून डिझाइन उतरवलं, सगळे पार्ट पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केले, मधल्या पिव्हटला एम ८ चा फुल थ्रेड बोल्ट, बोल्टच्या टोकाला दहा केचा पॉट (किती फिरलं ते व्होल्टेजमध्ये सांगणारा सेन्सर), आणि प्रो मायक्रो बोर्ड. भाऊबीजेला आला तो डिकीत पेडल घालूनच. दिसायला एक नंबर, केशरी आणि काळे. जोडले, उजळाईवाडीच्या रनवेवर विमान उभं केलं, थ्रॉटल दिला, आणि विमान सेंटरलाइनच्या कधी या अंगाला कधी त्या अंगाला. उजवा पाय थोडा द्यावा तर काहीच नाही, अजून थोडा दिला की एकदम वळतंय, सोडायला जावं तर परत काही नाही आणि मग एकदम डावीकडे. टेकऑफ झाला तो गवतातून झाला.

"दाजी, एडीसी दहा बिटचा आहे ना, रिझोल्यूशन कमी पडतंय."

एडीसी म्हणजे बोर्डातला व्होल्टेजचे आकडे करणारा भाग. मी काही बोललो नाही, खाली बसलो, एका हाताने बोल्टचं टोक धरलं आणि दुसऱ्या हाताने पेडल हलवलं. पेडल चांगलं चार एमएम जातंय येतंय आणि बोल्ट जागचा हलत नाही. वरचा आर्म बोल्टला कसा धरलेला, तर बोल्टचं षटकोनी डोकं प्लास्टिकच्या खाचेत बसवलेलं, आणि त्या खाचेचे कोपरे आता गोल झालेले. खाली बेसमध्ये तर अजून मजा, बोल्टच्या आट्यांनी भोक खाऊन लंबगोल केलेलं, भोकाखाली केशरी भुगा पडलेला. मी भुगा बोटावर घेऊन दाखवला. म्हटलं, हे बघ तुझं रिझोल्यूशन. तर म्हणतो ते कॅलिब्रेशनमध्ये कव्हर होतं.

पुण्याला जाऊन त्याने एडीएस १११५ नावाचा वेगळा एडीसी लावला, सोळा बिटचा. वर कोडमध्ये अ‍ॅव्हरेजिंगचा फिल्टर टाकला आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळचं जेवढं हलणं सिम्युलेटर सोडून देतो ते, वाढवला. पुढच्या खेपेला आला तेव्हा लॅपटॉपवर ग्राफ दाखवला, काय सुंदर ग्राफ, एक काटा नाही. आणि विमान? तसंच. उलट आता पाय दिल्यावर जरा उशिरा वळायला लागलं होतं, कारण अ‍ॅव्हरेज काढायचा म्हणजे जुनी मापं धरूनच काढणार.

हा हिशोब मी त्याला जेवताना कागदावर मांडून दाखवला होता, तुम्हालाही मांडतो. त्याच्या पेडलचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास साधारण १२० एमएम, त्यात ढिलाई ४ एमएम, म्हणजे तिसावा हिस्सा. पॉट फिरतो ३०० अंश, पेडलचा आर्म फिरतो जेमतेम ४०. म्हणजे दहा बिटच्या १०२४ पायऱ्यांपैकी वापरात फक्त १३६ च्या आसपास, आणि ढिलाई त्यातल्या चार-साडेचार पायऱ्यांची. आता सोळा बिट घ्या, कागदावरच्या ६५,५३६ पायऱ्या पूर्ण धरा, तीच ४ एमएमची ढिलाई आता जवळजवळ तीनशे पायऱ्यांची झाली. ढिलाई कमी झाली का? आधी ढोबळ मोजत होता ती आता बारीक मोजतोय, एवढंच. वर डेडझोन म्हणजे यंत्रात होती ती ढिलाई सॉफ्टवेअरमध्ये अजून थोडी विकत घेतली. लँडिंगला बरोबर मध्याजवळचेच छोटे छोटे पाय लागतात आणि नेमके तेच डेडझोन गिळतो.

यावर सगळ्यांसमोर काय म्हणाला माहितीय? "दाजी, तुमचं सगळं गॅरेजमधलं जुगाड टाइप असतं, हे प्रिसिजनचं काम आहे."

प्रिसिजन! मी दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बुश काढतो आणि मला प्रिसिजन कोण शिकवतंय, तर व्हर्नियर कधी हातात न धरलेला माणूस. आणि गॅरेजचं म्हणाल तर वैमानिकांना शिकवणारा पहिला नावाजलेला सिम्युलेटर कुणी काढला होता? एडविन लिंकने, अमेरिकेत बिंगहॅम्टनला, १९२९ च्या सुमारास, बापाच्या ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात बसून. ऑर्गनचे भाते आणि व्हॅक्यूम पंप यांच्यावर ती केबिन कलायची, वळायची. सुरुवातीला लोकांनी जत्रेतला पाळणा समजूनच घेतला तो. मग १९३४ ला तिकडच्या सैन्याच्या वैमानिकांना टपाल न्यायचं काम लागलं, खराब हवेत बरेच मेले, तेव्हा कुठे सैन्याने सहा नग विकत घेतले. त्यात एक बिट नव्हता, दहा लांबचे. भाते गळत नव्हते आणि जोड ढिले नव्हते म्हणून चाललं ते.

असो. त्या रात्री पेडल वर्कशॉपला नेले. बोल्ट काढून फेकला. १२ एमएमचा ब्राइट बारचा (गुळगुळीत, नेमक्या मापाच्या सळईचा) शाफ्ट घेतला, गनमेटलचे दोन बुश काढले, रीमर मारून शाफ्टला बसवले, बेसखाली अल्युमिनियमचा ब्लॉक लावून दोन बुशमध्ये चांगलं अंतर ठेवलं (दोन आधार जितके लांब तितका शाफ्ट कमी डुलतो, एकाच जाड बुशवर कधी भागवू नका). आर्मला फाडून क्लॅम्प केला, म्हणजे बोल्ट आवळला की आर्म शाफ्टला मिठी मारतो, खाचेचा प्रश्नच नाही. शाफ्टच्या टोकाला भोक पाडून पॉटचा दांडा आत आणि वरून ग्रब स्क्रू. आणि मुद्दाम, लक्षात घ्या, मुद्दाम पॉट त्याचाच ठेवला, सोळा बिटवाला काढून बोर्डावरचा दहा बिटचाच परत जोडला, फिल्टर बंद करायला लावला आणि डेडझोन शून्य. उद्या कुणी म्हणायला नको की सेन्सरने झालं. सकाळी चहाच्या आधी जोडून दिला. सरळ रेषेत गेलं विमान. त्याच १३६ पायऱ्यांवर.

तर दुपारी पुण्याला पोहोचल्यावर फॅमिली ग्रुपवर याचा मेसेज, व्हिडिओसकट: "फायनली! फिल्टर ट्यून केल्यावर पेडल परफेक्ट." खाली सगळ्यांचे अंगठे, माझ्या बायकोचा पण. बुशचा ब सुद्धा नाही. फिल्टर तर बंद होता रे बाबा!

तेव्हा मुद्द्याचं. आधी यंत्र, मग वीज. लेथवाला ओळखीचा असेल तर वर सांगितलं तसं करा. नसेल तर ६०८ नंबरची बेअरिंग कुठेही मिळतात, आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ एमएम, पण त्यात एम ८ चा बोल्ट घालू नका, बोल्ट कधीच पूर्ण ८ चा नसतो, व्हर्नियर लावून बघा, थोडा कमीच भरतो. ८ चा ब्राइट बार आणा. बेसला १८ एमएमचा प्लाय पुरतो, पण टाच टेकून जोर दिला की बेस मागे सरकतो, तेव्हा खुर्चीला बांधायची सोय ठेवा.

स्प्रिंगसाठी ऑनलाइन शोधाशोध करू नका, मोटारसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग घ्या, कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळते. दोन लागतात, समोरासमोर, आणि पेडल मध्ये असताना दोन्ही ताणलेल्या पाहिजेत, नाहीतर मध्यावर एक मोकळी पडते आणि तिथे पुन्हा ढिलाई. त्या स्प्रिंग कडक असतात, म्हणून पिव्हटजवळ लावा, बाहेर लावल्या तर पोटऱ्या भरून येतील. खऱ्या छोट्या विमानात पेडलला जोर हवेचा येतो, वेग वाढला की वाढतो, स्प्रिंग ती नक्कल करू शकत नाही, तेवढं सोडून द्यायचं.

तपासायची पद्धत फुकट आहे. विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाका, पेडलची पट्टी दिसेल, अगदी हळू एका बाजूला दाबत न्या आणि मग हळूच उलट फिरा. फिरल्यावर पाय हलतोय आणि पट्टी थांबलीय, असं जेवढा वेळ दिसतं तेवढी तुमची ढिलाई. ती जाईपर्यंत कोडला हात लावायचा नाही.

आता थोडं मागे घेतो. थ्रीडी प्रिंट वाईट नाही, पेडलची पाटी, सेन्सरचं ब्रॅकेट, झाकण खुशाल प्रिंट करा, फक्त फिरणारा धातू प्लास्टिकला घासता कामा नये. आणि पीएलए उन्हात गाडीत ठेवू नका, साठ अंशाच्या आसपास नरम पडतं. पॉटचंही मी कौतुक केलं ते मेहुण्याला दाखवायला, खरं म्हणजे कार्बनचा पॉट मध्यावर झिजतो कारण पाय जास्त वेळ तिथेच असतो, मग काही महिन्यांनी पट्टी थरथरायला लागते. माझ्या स्वतःच्या पेडलला चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आहे, ४९ ई, तीन पायांचा, ५ व्होल्टवर चालवला तर चुंबक नसताना साधारण अडीच व्होल्ट देतो, एका ध्रुवाकडे वाढतो, दुसऱ्याकडे घटतो. शाफ्टच्या टोकावर यू आकारात समोरासमोर दोन चुंबक, एकाचा उत्तर दुसऱ्याच्या दक्षिणेकडे तोंड करून, मध्ये सेन्सर स्थिर. काही टेकत नाही, काही झिजत नाही. चाळीस अंशांत व्होल्टेज पॉटपेक्षा जास्त हलतं, हा वरचा फायदा. आणि हो, दहा बिटच्या वर जाणं पूर्ण फालतू आहे असंही नाही, लांब दांड्याची जॉयस्टिक असेल, जोड घट्ट असतील, तर बारा बिटपर्यंत फरक जाणवतो. पण जोड घट्ट असतील तर, हे मेहुण्याला कुणीतरी सांगा.

खर्च म्हणाल तर बाहेरून जॉबवर्क करून घेतलं तरी तीन-चार हजारांत बसायला पाहिजे, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात स्वस्त. विकतचे बरे पेडल पाच आकड्यांत जातात. हाताने काही करायची आवड नसेल आणि फक्त पैसे वाचवायचे असतील तर विकतचेच घ्या, नाहीतर अर्धवट सोडाल. टो ब्रेक (पेडलचं वरचं टोक पायाच्या बोटांनी दाबून लावायचे ब्रेक) हवे असतील तर काम दुप्पट, पहिल्या फेरीत करू नका, जागा मात्र ठेवा.

बोर्ड: प्रो मायक्रो. त्यातली ३२ यू ४ चिप थेट जॉयस्टिक म्हणून ओळखली जाते, ऊनो आर ३ मध्ये ती सोय नाही, ऊनो घरात पडलाय म्हणून वापरू नका. जास्त अ‍ॅक्सिस आणि बटणं हवी असतील तर ब्लू पिल बोर्डावर फ्रीजॉय हे तयार सॉफ्टवेअर टाका, बारा बिट मिळतात आणि कोड लिहायला लागत नाही. पुढे स्विचचं पॅनेल करायचं झालं तर मेगा बोर्ड आणि मोबीफ्लाइट सॉफ्टवेअर, पण ते वेगळं प्रकरण. प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट नाजूक असतं, पायात वायर अडकली की बोर्डावरून उखडून येतं, तेव्हा जोडल्या जोडल्या त्याच्याभोवती हॉट ग्लू भरा आणि केबल बेसला क्लिपने बांधून टाका.