आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल यांचं 'अतातुर्क' हे आडनाव जन्मापासूनचं होतं का? त्यांच्या वारसांनी ते पुढे लावलं का?

दोन्हींचं उत्तर नाही. 1881 साली सलोनिकात (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी) जन्मलेल्या या मुलाचं नाव नुसतं मुस्तफा होतं. त्या काळी बहुतेक तुर्कांना आपल्यासारखं आडनावच नसे. जून 1934 मध्ये आडनावाचा कायदा झाला, प्रत्येक कुटुंबाला आडनाव घेणं भाग पडलं, आणि 24 नोव्हेंबर 1934 रोजी संसदेने वेगळा कायदा करून त्यांना 'अतातुर्क' दिलं. 'अता' म्हणजे बाप, पूर्वज. लगेच डिसेंबरात दुसरा कायदा आला: हे आडनाव दुसऱ्या कुणीही लावायचं नाही. त्यामुळे सख्ख्या बहिणीचं, मकबूले यांचं, आडनावही 'अतादान' झालं. मानसकन्या सबिहा 'गोकचेन' झाल्या. पोटचं मूल त्यांना नव्हतंच. म्हणून आज कुणी अतातुर्क आडनावाचा वंशज म्हणून मिरवत असेल तर खुशाल दुर्लक्ष करा.

फक्त 'केमाल'ची गोष्ट जपून सांगावी. गणिताच्या शिक्षकांनी ते नाव दिलं ही रूढ कथा आहे, कायद्यासारखा ठाम पुरावा नाही. आणि 1934 आधीच्या घटना लिहिताना 'अतातुर्क' नको. तेव्हा ते 'गाझी मुस्तफा केमाल पाशा' होते, त्यातली 'गाझी' (विजयी योद्धा) ही पदवी 1921 ची, ग्रीक सैन्याविरुद्धच्या साकार्याच्या लढाईनंतरची.