नोकरीसाठी नव्या शहरात आल्यावर माणसे जोडण्याचा तुम्हाला अनपेक्षितपणे सापडलेला मार्ग कोणता?

दुसऱ्याची परीक्षा लिहिणे, हे माझे उत्तर आहे. मी मूळची सांगलीची. पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि परीक्षांच्या हंगामात दृष्टिहीन विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून बसते. विद्यार्थी आम्हाला ‘रायटर’ म्हणतात. कार्यालय आणि भाड्याची खोली यांच्याबाहेर माणसे कशी भेटतात, असे तुम्ही विचारले आहे. असा प्रश्न विचारला की ट्रेकिंगचे गट, सोसायटीचा गणपती, नाट्यसंस्था यांची नावे पुढे येतात. तिथे ओळखी होतात हे खरे, पण तिथे प्रत्येक जण आपले काहीतरी सांगायला आलेला असतो. लेखनिकाच्या खुर्चीत चार-चार तास स्वतःचे एकही वाक्य बोलायचे नसते, समोरचा माणूस विचार कसा करतो, कुठे अडतो आणि अडल्यावर स्वतःला कसा सावरतो हे फक्त ऐकायचे असते. मला या शहरात मिळालेली सर्वांत जवळची माणसे या खुर्चीमुळे मिळाली.

काम बाहेरून वाटते त्यापेक्षा बारकाईचे आहे. प्रथम संपूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसह सावकाश वाचून दाखवायची. कोणता प्रश्न आधी घ्यायचा ते विद्यार्थी ठरवतो. त्यानंतर तो सांगेल ते शब्दशः लिहायचे. परिच्छेद कुठे पाडायचा आणि कोणत्या शब्दाखाली रेघ ओढायची, हेही तोच सांगतो. वेळ किती उरला, पाने किती झाली, पुरवणी लागेल का, हे त्याने विचारले की सांगायचे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्यास सांगितले, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. उमेदवाराने स्वतः लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावे, हेही त्याच सूचनांत होते. मी बी.कॉम. असल्यामुळे एम.ए.चे विद्यार्थी माझ्याकडे येऊ लागले, आणि त्यांतच बीड जिल्ह्यातला एक इतिहासाचा विद्यार्थी होता, ज्याच्याविषयी मला सविस्तर सांगायचे आहे.

परीक्षेच्या दोन दिवस आधी आम्ही भेटलो. तो जन्मापासून दृष्टिहीन, बोलण्यात अतिशय नेमका. मी कोणत्या वेगाने लिहिते हे त्याने एक उतारा सांगून तपासून घेतले, जोडाक्षरांना मी अडखळत नाही ना हे पाहिले आणि मग म्हणाला, “मॅडम, मी सांगेन तेच लिहायचं. माझं वाक्य तुम्हाला कितीही वाईट वाटलं तरी.” मी होकार दिला, आणि माझ्या बाजूने एवढेच सुचवले की शेवटी वीस-पंचवीस मिनिटे राखून ठेवावीत, म्हणजे सगळे वाचून दाखवता येईल.

महाविद्यालयाने आम्हाला वर्गात न बसवता जिन्याखालच्या एका अरुंद खोलीत बसवले होते, कारण त्याच्या सांगण्याचा इतरांना त्रास होईल. स्वतंत्र खोली हवीच असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिन्यावरून सतत माणसे ये-जा करत असताना ज्याचा संपूर्ण आधार कानांवर आहे त्याला तिथे बसवणे हा निष्काळजीपणा होता आणि तो मी त्याच दिवशी लेखी कळवला. पर्यवेक्षक दारात खुर्ची टाकून आमच्या ओठांकडे पाहत होते. मी काही सुचवते की काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पेपर मराठ्यांच्या इतिहासाचा होता. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची कारणे आणि परिणाम असा एक दीर्घ प्रश्न होता आणि त्याने तो फार सुरेख मांडला: राघोबादादांनी १७७५ मध्ये इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह, कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने तो नाकारल्यावर झालेला पुरंदरचा तह, १७७९ मधली वडगावची इंग्रजांची नामुष्की. शेवटाकडे आल्यावर तो म्हणाला, “महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने झालेल्या १८०२ च्या वसईच्या तहाने हे युद्ध संपले.” युद्ध संपले ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने. वसईचा तह दुसऱ्या बाजीरावाने केला आणि तोवर महादजींना जाऊन आठ वर्षे झाली होती. इतिहास हा माझा विषय नसला तरी घरात बाबांच्या तोंडून हे सगळे ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे चूक मला तत्क्षणी कळली. आणि ती अज्ञानाची नसून केवळ जिभेची आहे हेही कळले, कारण महादजींची मध्यस्थी त्याने अचूक सांगितली होती. मी वसई लिहिले, १८०२ लिहिले. पेन थांबवले नाही, श्वास बदलला नाही, “काय म्हणालात?” असेही विचारले नाही, कारण तो प्रश्न म्हणजे इशाराच असतो. शेवटी त्याच्याकडे अर्धा तास उरला होता. तो वेळ त्याने वाचून घेण्याऐवजी पाचव्या प्रश्नात भर घालण्यासाठी वापरला, आणि ते वाक्य तसेच राहिले.

बसथांब्याकडे जाताना तो उत्तरे मनाशी पुन्हा घोळवत होता. मध्येच थांबून म्हणाला, “सालबाई म्हटलं ना मी?”

“नाही, वसई म्हणालात.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“हो.”

“आणि तसंच लिहिलंत?”

मी हो म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला बारावीची हकीकत सांगितली. तेव्हाच्या लेखनिकाने त्याच्या उत्तरांत, त्याला न विचारता, आपली वाक्ये घातली होती. त्या विषयात त्याला उत्तम गुण पडले, आणि पुढे महाविद्यालयात कुणी “रायटरनं पास केलं असेल” म्हणाले की त्याच्याजवळ उत्तर नसे, कारण त्या एका पेपरापुरते ते खरे होते. “हे दोन मार्क गेले तरी बाकीचे माझे आहेत, ताई,” असे तो म्हणाला आणि पुढचे सगळे पेपर तुम्हीच लिहा म्हणाला. मॅडमची ताई मी त्या संध्याकाळी झाले.

हा प्रसंग मी त्या वर्षी गणपतीला घरी सांगितला आणि माझा थोरला भाऊ माझ्यावर संतापला. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते क्षुल्लक नाही. दादा म्हणाला, डोळस विद्यार्थी लिहिताना सहज मागची ओळ पाहतो आणि जिभेची किंवा हाताची चूक त्याला आपोआप दिसते. त्या मुलाला ती सोय नव्हती. तू त्याचा हात होतीस तशीच त्याचा डोळाही होतीस, आणि डोळ्याने आपले काम केले नाही. वर तो असेही म्हणाला की समाजसेवा करायची तर मनापासून करावी, त्यात नियम कसले पाहायचे.

माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. डोळ्याचे काम म्हणजे जे कागदावर आहे ते मागेल तेव्हा, मागेल तितक्या वेळा, सपाट आवाजात वाचून दाखवणे. ते मी करायला तयार होते आणि तसे आधीच सांगितले होते. डोळसांपैकीही पुष्कळ जण शेवटचा अर्धा तास तपासण्याऐवजी नवे लिहिण्यात घालवतात. ती निवड त्यांची असते आणि त्याचीही ती त्याचीच होती. ‘हे वाक्य चुकले आहे’ असे डोळा कधीच सांगत नाही. ते डोके सांगते, आणि त्या खोलीत डोके फक्त त्याचे चालायला हवे होते. मी एक साल दुरुस्त केले असते तर दारातल्या पर्यवेक्षकांचा संशय आणि वर्गातल्यांचे टोमणे, दोन्ही मी खरे करून दाखवले असते. समाजसेवेबद्दल म्हणाल तर तो शब्दच मला इथे अमान्य आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि अपंगत्व ४० टक्के नसले तरी गरज असलेल्याला लेखनिक मिळालाच पाहिजे असे स्पष्ट केले. जी गोष्ट समोरच्याचा हक्क आहे, ती पुरवणाऱ्याने आपण उपकार करत असल्याच्या भावनेने तिथे बसू नये. दादाला हे अजून पटलेले नाही. तुम्हाला तरी पटावे म्हणून इतके लिहिले.

तो विद्यार्थी आज मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याला लागणारी पुस्तके मी अजूनही वाचून ध्वनिमुद्रित करते, आणि त्याबाबत त्याची शिस्त कडक आहे: तळटीप पानाच्या शेवटी नव्हे, तर जिथे तिचा आकडा आला असेल तिथेच वाचायची, आणि ‘तळटीप’ व ‘तळटीप समाप्त’ असे म्हणून वाचायची. माझ्या बाबांच्या अखेरच्या आजारपणात तो रोज रात्री त्यांना फोन करी आणि पानिपतावर त्यांच्याशी वाद घाली. बाबांना त्या दिवसांत भेटायला येणारे सगळे प्रकृतीबद्दल बोलत. सदाशिवरावभाऊंचे काय चुकले यावर भांडणारा तो एकटा होता. अशी जवळीक एखाद्या गटात नाव नोंदवून मला मिळाली असती असे वाटत नाही.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की ओळखी वाढवण्याच्या हेतूने कुठेही जाऊ नका. जिथे तुमचे काम अचूक होण्यावर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे अशा ठिकाणी जा. लेखनिक व्हायचे असेल तर बोलू नका, सुचवू नका, वाचताना चुकलेल्या शब्दावर जोर देऊ नका. विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही दुरुस्त करणार नाही, पण कितीही वेळा वाचून दाखवाल.

काही गोष्टी राहिल्या. प्रत्येक मंडळाचे, विद्यापीठाचे आणि भरती परीक्षेचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतही असतात. दहावी-बारावीला खालच्या इयत्तेतले विद्यार्थीच लेखनिक म्हणून घेतले जातात, तिथे नोकरदार माणसाचा उपयोग होत नाही, तेव्हा ताज्या सूचना पाहूनच होकार द्या. भाषेच्या पेपरला तुमचे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे असेल तर तो पेपर घेऊ नका, कारण तिथे गुण तुमच्या हातून जातील. आणि सगळ्यांनाच इतका वेळ गप्प बसणे जमत नाही, यात कमीपणा काही नाही.

पुण्यात असाल तर १९५२ पासून काम करणारी पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मुंबईत त्याच वर्षी स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. जवळच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात चौकशी केली तरी चालते. वेळापत्रक हातात आल्यावर आधी कार्यालयातून रजा मंजूर करून घ्या आणि मगच विद्यार्थ्याला शब्द द्या. दर हंगामात आदल्या रात्री “मला जमणार नाही” असा निरोप पाठवणारे लेखनिक असतात, आणि मग रात्री अकरा वाजता एखादा विद्यार्थी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करत बसतो. तुम्हाला नाही म्हणायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी म्हणा.