नकाशा काढण्याआधी

अलिबाग

अनेक उत्तम आशीर्वाद.

चुंबकीय केंद्रांच्या नोंदींवरून काढलेला तुझा नकाशा दोनदा पाहिला. रेषा सुरेख आल्या आहेत. पण खाली ‘आयनोस्फिअरमधील विद्युतप्रवाह’ असं लिहिलंस, तिथे मी अडलो. आयनोस्फिअर म्हणजे वरची विद्युतभारित हवा; जमिनीवरच्या मॅग्नेटोमीटरांतून, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांतून, मिळतो तो तिथला खरा नव्हे, समतुल्य प्रवाह. साधारण ११० किलोमीटर उंचीवर एक पातळ थर धरायचा आणि त्यातून काय वाहिलं तर खाली हेच बदल दिसतील, ते काढायचं. ध्रुवाकडे चुंबकरेषांवरून उतरणारे प्रवाह आणि वर आडवे पसरणारे त्यांचे जोडीदार यांचे परिणाम जमिनीवर बरेचसे एकमेकांना खोडतात. जपानी भूभौतिकशास्त्रज्ञ फुकुशिमा यांनी ते गणिताने दाखवलं. प्रवाह असतो, पण आपल्या केंद्रांना दिसत नाही. म्हणून ‘समतुल्य’ हा शब्द गाळू नकोस.

आपल्याकडे प्रश्न वेगळा. अलिबागचा उत्तर घटक, म्हणजे चुंबकक्षेत्राचा उत्तरेकडचा भाग, चुंबकीय वादळात घसरला, तर तो पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या वलयप्रवाहामुळे घसरतो, आणि दक्षिणेतल्या तिरुनेलवेलीचाही जवळपास तेवढाच घसरतो. म्हणून दोन्हीकडची रात्रीची पातळी वजा कर आणि मग तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा कर. दुपारी उरतो तो मुख्यतः विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वाहणारा प्रवाहाचा अरुंद पट्टा. चुंबकीय विषुववृत्ताजवळचं एक केंद्र आणि त्याच रेखांशाच्या आसपासचं, पण त्या पट्ट्याबाहेरचं दुसरं: आपलं अलिबाग इथेच उपयोगी पडतं. कधी दुपारनंतर ही वजाबाकी शून्याखाली जाते. ती चूक समजून पुसू नकोस, प्रवाह खरोखर उलटा वाहत असतो.

समुद्राचंही भान ठेव. खारं पाणी वीज वाहून नेतं. वरचा प्रवाह बदलला की पाण्यातही प्रवाह निर्माण होतो आणि किनाऱ्यावर चुंबकक्षेत्राचा उभा घटक बिघडवतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या केंद्रांचा उभा घटक देशावरच्या केंद्रांच्या तराजूत घालू नये.

आणि यंत्राभोवती काय आहे ते स्वतः जाऊन पाहा. मी तरुण असताना एका केंद्राच्या नोंदीत पातळी एकाएकी सरकली, आणि मी आठवडाभर आकाशात कारण शोधत बसलो. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या पडवीवर नवे लोखंडी पत्रे चढले होते! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून तिचे संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली, तेव्हा १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. म्हणून तर ती मालिका आजही जोडता येते. तुझं नवं केंद्र जुन्याच्या जागी येतंय ना? जुनं लगेच बंद करू देऊ नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.

अमावास्येच्या उधाणाला आपला किनारा भरतो, तशी चंद्राची भरती वरच्या हवेतही येते आणि इलेक्ट्रोजेटमध्ये तिचा अंश उमटतो. पुढच्या चार अमावास्या-पौर्णिमांच्या दिवसांची वजाबाकी काढून पाठव. चुंबकीय वादळ नसलेले शांत दिवसच घे.

तुझा,
सर