‘सौम्य’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलंय: ‘ठिबकच्या नळ्या धुवायला हायड्रोक्लोरिक ॲसिड आणलं. तीव्र होतं म्हणून पाण्यात मिसळून सौम्य केलं, असं म्हणालो, तर दहावीतली मुलगी म्हणते, चूक. चूक कुठं आहे? आणि आम्ल हा शब्द आला कुठून?’

मुलीचं बरोबर आहे. पाण्यात मिसळल्यानं ॲसिड विरल, म्हणजे पातळ होतं, सौम्य होत नाही. दुकानापासून व्याख्यानापर्यंत हे ‘सौम्य केलं’ ऐकून माझे कान किटलेत. आम्ल तीव्र की सौम्य हे त्याच्या रेणूच्या स्वभावावर ठरतं. हायड्रोक्लोरिक आम्लाचे रेणू पाण्यात गेले की जवळजवळ सगळे फुटतात, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे हजारात चार-पाचच, म्हणून ते सौम्य. त्यात आणखी पाणी घाला, फुटणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढतं! रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डनं १८८८ मध्येच हा नियम मांडलाय. आणि निव्वळ ॲसेटिक आम्लानं कातडी भाजते, तरी पुस्तकात ते ‘सौम्य’च. सौम्य म्हणजे सोमासारखं, चंद्रासारखं शीतल. असं नाव ऐकल्यावर बाटली कोण जपून उचलेल? सरळ ‘दुर्बल’ म्हणावं.

रेणू फुटण्याला पाठ्यपुस्तकात ‘विचरण’ म्हणतात, तेही मला मान्य नाही. विचरणं म्हणजे हिंडणं. आयन, म्हणजे फुटून झालेले विद्युतभारित तुकडे, हिंडतात ते रेणू फुटल्यावर. आधीची क्रिया सोडून नंतरच्या क्रियेचं नाव कशाला? ‘फुटणं’ हा शब्द पोरांना न शिकवता कळतो. तो गावठी वाटतो, एवढाच त्याच्यावर आक्षेप आहे, आणि मी तो आक्षेप मानत नाही.

आता आम्ल. संस्कृत ‘अम्ल’ म्हणजे आंबट. म् आणि ल जोडून म्हणताना मिटलेले ओठ उघडतात आणि मधे आपोआप ब उमटतो. ताम्राचं तांबं झालं, आम्राचा आंबा झाला, तसंच अम्लाचं प्राकृतात अंब आणि अंबिल झालं. त्यातून आपले आंबट, आंबणं, आंबील. ‘आंब्यावरून आंबट’ असं ठासून सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा आंबिलीचा तांब्या तोंडाला लावावा. त्या शब्दातला ल कुठून आला? आम्रात ल नाही, अम्लात आहे. पिकला की गोड होणाऱ्या फळावरून आंबटपणाला नाव पडलं, हे मुळात पटावं तरी कसं?

या कुळातला माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे ‘आंब’. हरभऱ्याच्या पानांवरची बारीक लव आंबट रस सोडते. रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरायचं, पहाटे दवानं भिजलेलं ते कापड पिळायचं, हाती येते ती आंब. पोटदुखीवर ती जपून ठेवणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघरी होत्या. तिच्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असतं, थोडं ऑक्झॅलिकही. ‘अम्ल’ या शब्दाचं इतकं झिजलेलं, इतकं आपलं रूप दुसरं नाही. आम्ल हा पुस्तकांनी संस्कृतातून पुन्हा उचलून आणलेला शब्द. आंब मात्र शेतातून कधी गेलीच नव्हती.

आणि हो, नळ्या धुताना आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड हळूहळू ओता. उलटं केलंत तर तापून अंगावर उडू शकतं.