पोटगी थकली आहे, पण मागायची कशी?

"मॅडम, कोर्टाने पोटगी दिलीय, पण तो देत नाही. आणि मागितली की भांडण होतं." घटस्फोट झालेल्या बायकांच्या तोंडून हे मी सतत ऐकते. निकाल लागला की पैसे आपोआप खात्यात येत राहतील, असं बऱ्याच जणींनी धरलेलं असतं. पण कोर्ट रक्कम ठरवतं; ती दर महिन्याला आली की नाही हे बघत बसत नाही. आली नाही तर अर्ज आपल्यालाच करावा लागतो, आणि त्या अर्जाला मुदत असते.

ज्या बाईंबद्दल सांगते आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), त्यांना स्वतःची आणि मुलाची मिळून महिना 12,000 रुपये पोटगी मंजूर झाली होती. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग उशिरा येऊ लागले, मग बंद झाले. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा 14 महिन्यांची पोटगी थकली होती. मुलाची फी भावाने भरली होती, आणि त्याचं ओझं वहिनीसमोर रोज जाणवत होतं.

मी त्यांना मेसेज दाखवायला सांगितले. सुरुवात पैशांची: "या महिन्याचे पाठवले नाहीत." त्यावर त्याचं उत्तर: "तुला कायम पैसाच दिसला." मग यांचा लांबलचक मेसेज. त्यात सासूबाई, बाळंतपण, मोडलेल्या बांगड्या, सगळं. पुढे पोटगीचं नावच नाही. प्रत्येक महिन्याला हेच घडलं होतं. संसारातलं भांडण घटस्फोटानंतरही तसंच चालू होतं आणि त्याच्या आडोशाला थकबाकी वाढत होती.

"मागताना भीक मागितल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणाल्या. माझ्या मते खरी अडचण इथेच होती. नवऱ्याकडे मागायची सवय, त्याने नाही म्हणायची सवय, मग रडणं. आम्ही दोघींनी बसून नवा मेसेज लिहिला. पहिल्या मसुद्यात त्यांनी "निदान मुलाकडे बघून तरी" असं लिहिलं होतं. ते काढायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी उरलं ते इतकंच: कोणत्या महिन्याची पोटगी, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात. उत्तरात त्याने काहीही लिहिलं तरी त्यावर बोलायचं नाही, असं ठरलं. पहिल्यांदा हे पाळणं त्यांना फार जड गेलं.

मग पासबुक घेऊन हिशोब मांडला: महिना, देय तारीख, जमा रक्कम, बाकी. मध्ये एकदा त्याने मुलाच्या हातात 2,000 रुपये दिले होते. "ते कशाला लिहायचे?" असं त्यांनी विचारलं. मी लिहायला लावले. मिळालेली एखादी रक्कम लपवली आणि समोरच्या वकिलाने ती दाखवली, की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

आता कायद्याचं. त्यांचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा होता. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं आहे. या कलमाखाली वसुलीचं वॉरंट हवं असेल तर हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 14 पैकी पहिल्या दोन महिन्यांसाठी हा रस्ता बंद झाला होता. ते पैसे बुडाले असं नाही, त्यासाठी दिवाणी मार्ग राहतो, पण तो लांबचा. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत वर्ष जाऊ देऊ नका. रक्कम घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ठरली असेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायची. तिथे मुदत 12 वर्षांची आहे, आणि नोकरदार माणसाच्या पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

तुरुंगाचं नाव काढताच त्या घाबरल्या. "मुलाच्या बापाला जेलमध्ये घातलं, असं लोक म्हणतील." ही भीती मी हलकी समजत नाही, कारण लोक खरंच तसं म्हणतात. पण आधी वॉरंट निघतं, आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तरच कोर्ट कैदेचा विचार करतं. भरायची संधी शेवटपर्यंत त्याच्या हातात असते. उलट, कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्याची नोकरी खरोखर गेली असेल तर त्याने रक्कम कमी करण्यासाठी अर्ज करावा. आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम लागू राहते.

एका गोष्टीवर आमचं जोरात बिनसलं. "पैसे देत नाही, तर मी मुलाला भेटू का देऊ?" त्यांचा राग मला समजत होता, तरी मी ठाम नाही म्हटलं. भेट हा मुलाचा हक्क आहे, आणि पोटगीही त्याचा हक्क आहे. एक मिळाला नाही म्हणून दुसरा आपण काढून घेतला तर दोन्हीकडून नुकसान त्याचंच होतं. शिवाय भेटीचा आदेश मोडला की कोर्टात बोलायची आपलीच बाजू लंगडी पडते. दुसऱ्या बैठकीत त्या म्हणाल्या, "भेटीच्या दिवशी पैशांबद्दल बोलणार नाही." मुलाला निरोप्या बनवायचं नाही, हेही त्यांनी स्वतःच ठरवलं.

अर्ज दाखल झाला. वॉरंट निघाल्यावर त्याने पुढच्या तारखेला थोडी रक्कम भरली आणि बाकीची हप्त्यांनी भरायची परवानगी मागून घेतली. आजही एखादा हप्ता उशिरा येतो. त्या वहीत नोंद करतात, ठरलेला मेसेज पाठवतात आणि तरीही पैसे आले नाहीत तर वकिलांना फोन करतात. जुन्या दोन महिन्यांचा अर्ज अजून चालू आहे.