घरबसल्या डिजिटल काम: वाचकांचे प्रश्न

आर्णीजवळच्या खेड्यातून मी लोगो, पोस्टर करते. पुण्याच्या गिऱ्हाइकाने काम वापरलं, पण तीन महिने पैसे नाहीत. बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. – एक वाचक

ते बोलणं पुसू नका, तोच तुमचा पुरावा आहे. चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि तारखेनिशी बिल आजच पाठवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या. ती आधारवर ऑनलाइन आणि मोफत होते; कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; पुढे चक्रवाढ व्याज लागतं. मात्र जुन्या कामाला हे संरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

पुढच्या कामाला निम्मे पैसे आगाऊ घ्या. किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधी लिहून कळवा. मूळ फाइल पूर्ण पैसे आल्यावरच द्या. मागायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण ट्रॅक्टरवाला नांगरटीआधी डिझेलचे पैसे घेतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

फायव्हरवर (ऑनलाइन कामं मिळवून देणारी वेबसाइट) लोक पाच डॉलरमध्ये काम करतात. मी दर किती लावू? – वाचक, मेहकर

फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे पाचातले चारच उरतात; रुपयांत येताना आणखी कपात. त्यांच्या दराकडे पाहू नका, स्वतःचा खर्च मांडा. घर, इंटरनेट, इन्व्हर्टर, लॅपटॉपची झीज मिळून महिन्याला १२,००० लागत असतील आणि पैसे मिळणारं काम ६० तासांचं असेल, तर तासाला २०० हा नुसता खर्च झाला. त्याखाली गेलात तर पदरचे घालता. नफा त्यावर धरा. लोडशेडिंग असतं, म्हणून मुदत सांगताना एक दिवस जास्तीचा मागा.

जीएसटी नोंदणी घ्यावी लागेल का? – वाचक, वणी

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नाही. कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला असेल तर आयकर विवरणपत्र जरूर भरा. कर कमी बसत असेल तर तो परत मिळतो.

वरुडसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक मिळेल का? – एक वाचक

मिळेल, आणि मी तर तिथूनच सुरुवात करा म्हणेन. संत्रा पाठवणारे, शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्रं यांना खोक्यावरचं लेबल, दरपत्रक, मराठी-हिंदी व्हिडिओ लागतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याची, तोडणी दिवाळीच्या आसपास जोरात असते. तेव्हा कुणाला बोलायला सवड नसते. पोळ्याच्या सुमारास दोन नमुने घेऊन प्रत्यक्ष जा.